कोरडं पान

संस्थेत त्यांना सगळे थाळीमामा म्हणत. नवीन माणसाला वाटे, हे कँटीनकडचे असतील. पण मामांची थाळी जेवायची नव्हती. वीतभर रुंदीची, चार भाग पाडून दोन काळे आणि दोन पांढरे रंगवलेली ती पत्र्याची चकती दोरीला बांधून तलावात सोडायची, आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची, एवढंच तिचं काम आणि एवढंच मामांचं. पाणी जितकं स्वच्छ तितकी थाळी खोलवर दिसते. हे शास्त्र एका वाक्यात सांगून संपत असल्यामुळे संस्थेत त्याला फारशी किंमत नव्हती.

किंमत होती ती उपग्रहाला. तो ठरावीक दिवसांनी सकाळी साडेदहाच्या सुमारास तलावावरून जाई, शेकडो किलोमीटर उंचीवरून चित्र टिपी, आणि त्या चित्रातल्या रंगावरून पाण्याची स्वच्छता सांगता येईल असं संस्थेचं म्हणणं होतं. ते म्हणणं कितपत खरं हे ताडून बघायला त्याच दिवशी, त्याच वेळी, खाली कुणीतरी होडीत बसून थाळी सोडत असावं लागे. एकोणीस वर्षं हे कुणीतरी म्हणजे मामा होते.

तलावावर बारा जागा ठरलेल्या होत्या. एक नंबर नदीच्या तोंडाशी, बारा नंबर धरणाच्या भिंतीजवळ. मामा होडीत ओणवे होऊन आकडा सांगत स्वतःलाच, आणि स्वतःच वहीत लिहीत. शिसपेन्सिलीनं, कारण शाई पाण्यानं पसरते. त्या वह्या पाहिल्या तर कुणालाही वाटावं की त्या एकदा तरी बुडाल्या असाव्यात. पानं फुगलेली, कोपऱ्यांना शेवाळाचा हिरवट डाग, आणि आकडे असे तिरके की होडी कुठल्या बाजूला कलली होती ते कळावं.

अपवाद एका पानाचा. तीन वर्षांपूर्वीचं ते पान कोरडं होतं.

त्या दिवशी काय झालं होतं, तर काहीच नाही. मामांनी पुढे तीन वर्षं कारण शोधलं. ताप नव्हता, होडी जागेवर होती, नावाडी हजर होता, घरी सगळे ठीक होते. वारा थोडा गार होता. दोघं पंपघराच्या ओट्यावर उन्हाला पाठ देऊन चहा पीत बसले होते आणि उठणं जिवावर आलं.

"चला थाळीवाले," नावाडी म्हणाला होता. तोही उठला नव्हता.

"एवढा कप संपू दे."

"तीन कप झाले."

"मग आता गेलो काय नि न गेलो काय. साडेदहा होऊन गेले."

"तलाव तुम्हाला पाठ आहे," नावाडी म्हणाला. "मला बायकोचा चेहरा इतका पाठ नाही."

ही थट्टा होती. मामांनी ती सूचना म्हणून घेतली. ओट्यावर मांडी घालून त्यांनी बारा जागांचे बारा आकडे लिहून काढले. नदीपाशी गढूळ, पुढे हळूहळू निवळत, भिंतीशी सगळ्यांत स्वच्छ. एकोणीस वर्षांपैकी तोवर सोळा झाली होती, तलाव कसा वागतो हे त्यांना ठाऊक होतं. फक्त तलाव असा ओळीत वागत नाही हेही त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी त्या दिवशी लिहिलं नाही. नऊ नंबरची जागा पूर्वेच्या बगलेत होती. तिथे जंगलातला एक ओढा येऊन मिळे आणि कुजलेल्या पानांचा काळ्या चहासारखा रंग पाण्यात उतरे. थाळी तिथे दोन हात गेली न गेली की गडप होई. पण आठला एक मीटर पंच्याऐंशी आणि दहाला दोन मीटर पाच लिहिल्यावर मध्ये नऊला ऐंशी सेंटिमीटर कसं दिसेल? मामांनी एक पंच्याण्णव लिहिलं. खोटं लिहिताना माणूस फार नीटनेटका होतो.

त्यांच्या वह्या ज्यांच्याकडे जात त्यांना संस्थेत डॉक्टरबाई म्हणत, आणि त्या प्रत्येक वेळी सांगत की मी त्यातली डॉक्टर नाही. उपग्रहाच्या चित्रावरून पाण्याची स्वच्छता काढायचं सूत्र त्या बसवत होत्या. सहा वर्षं हा तलाव त्या रोज पाहत, पण पडद्यावर. पोहता येत नसल्यामुळे काठाशीसुद्धा त्या दोन पावलं मागे उभ्या राहत. स्वभावानं बाई चांगल्या होत्या. मामींच्या गुडघ्याची चौकशी न चुकता करत. मामांना पुढे पुढे हीच गोष्ट सोसेना. बाई खडूस असत्या तर निम्मं ओझं तिथेच उतरलं असतं.

सगळे आकडे चित्रांवर चढवून झाले तेव्हा बाईंनी मामांना खोलीत बोलावलं. पडद्यावर ठिपके होते आणि त्यांतून गेलेली एक रेघ.

"मामा, हा दिवस बघा. बाराच्या बारा ठिपके रेघेवर. असं काम मी परदेशातल्या पेपरांत पाहिलेलं नाही. आणि पान किती स्वच्छ, अक्षर किती सुरेख. नवीन मुलांना मी हेच पान दाखवते."

मामा पडद्यावरचे ठिपके मोजू लागले.

"फक्त हे चार ठिपके त्रास देतायत," बाई म्हणाल्या. "सगळे नऊ नंबरचे, वेगवेगळ्या दिवसांचे. एरवी ती बगल चित्रांत ढगाखालीच असते. उपग्रह म्हणतो पाणी स्वच्छ, तुम्ही लिहिलंय ऐंशी, पंच्याहत्तर. त्या वळणावर ऊन डोळ्यांवर येतं का हो तुमच्या?"

इथे सांगून टाकायचं होतं. चार ठिपके खरे आहेत, बारा खोटे आहेत, एवढी सात शब्दांची गोष्ट. मामांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"असेल."

चार खरे आकडे त्या दिवशी यादीतून गेले आणि बारा खोटे राहिले. ओट्यावरचा तो दिवस आळसाचा होता आणि आळसाला माणूस कधीतरी माफ करतो. हे "असेल" मात्र मामांच्या डोक्यातून जाईना. आंघोळीला बसले की आठवे, बसच्या रांगेत आठवे. नातवाने शाळेतल्या बाईंना कसली थाप मारली म्हणून मुलगी त्याला रागावत होती, तेव्हा मामा उठून गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालू लागले.

तरीही दिवस निघाले असते. पण मामांच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले असताना बाईंचा नकाशा पाणीपुरवठा खात्याकडे गेला. शहराच्या वाढीव वस्तीसाठी तलावातून पाणी उचलायची नवी जागा ठरायची होती, आणि नकाशानुसार सोयीची, जवळची आणि स्वच्छ अशी एकच जागा होती. पूर्वेची बगल.

वाढीव वस्तीत मामांचंही घर होतं. मामी संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, दोन वेळ पाणी येणार म्हणे आपल्याकडे. तुमच्या तलावाचंच."

"हं."

"हं काय? एकोणीस वर्षं तिथं बुचकळून आलात, आता तो तलावच नळानं घरी येतोय. जरा तरी आनंद दाखवा."

तिथं बुचकळून आल्यानं मामांना त्या पाण्यातलं सगळं ठाऊक होतं. कुजल्या पानांचा अर्क उतरलेल्या पाण्यात क्लोरीन पडलं की नको ती द्रव्यं तयार होतात, ती दिसत नाहीत आणि चवीलाही फारशी लागत नाहीत, हे संस्थेतल्याच एका व्याख्यानात त्यांनी मागच्या बाकावरून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, गुरुवारी उपग्रह आहे. माझा शेवटचा. तुम्ही यायचं होडीत."

"मी? मामा, मला कपबशीतल्या पाण्याची भीती वाटते."

"नऊ नंबर बघायचाय तुम्हाला."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढची थट्टा केली नाही.

गुरुवारी बाईंनी एक जीवरक्षक जाकीट घातलं आणि दुसरं मांडीवर घट्ट धरून ठेवलं. नावाड्याने ते पाहून फक्त मिशीला हात लावला. होडी थेट पूर्वेच्या बगलेत शिरली. पाणी गुळगुळीत, काळंभोर, झाडांच्या सावल्यांनी भरलेलं. साडेदहाला पाच मिनिटं कमी होती. मामांनी दोरी बाईंच्या हातात दिली.

"सोडा. दिसेनाशी झाली की थांबा."

थाळी खाली गेली. पांढरा भाग आधी पिवळा झाला, मग तांबूस, आणि मग काहीच उरलं नाही. बाईंनी खूण पाहिली, दोरी वर ओढली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा सोडली.

"ऐंशी," त्या म्हणाल्या. ओंजळीत पाणी घेऊन उन्हात धरलं. "रंग. गाळ नाही, नुसता रंग. काळं पाणी उपग्रहाला वरून खोल नि निर्मळ दिसलं... म्हणजे ते चार ठिपके खरे होते."

"हो."

"मग त्या चांगल्या दिवशी इथे एक पंच्याण्णव कसं आलं?"

नावाडी वल्ह्याकडे बघत बसला.

"त्या दिवशी आम्ही आलोच नव्हतो," मामा म्हणाले. "ओट्यावर बसून लिहिलं. बाराच्या बारा. आणि तुम्ही उन्हाचं विचारलंत तेव्हा मी असेल म्हणालो."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मामांना धरायला काहीतरी मिळालं असतं.

"म्हणून पान कोरडं," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि मी मुलांना दाखवत होते."

"बाई, निम्मी चूक माझी," नावाडी म्हणाला. "चहा मी केला होता."

त्यावर कुणी हसलं नाही.

"असे आणखी किती दिवस आहेत, मामा?"

"एकच."

"हे मी कशावरून मानू?"

एकोणीस वर्षांच्या वह्या मामांच्या डोळ्यांसमोरून गेल्या. फुगलेली पानं, हिरवट डाग, थंडीत बधिर झालेली बोटं. त्या सगळ्यांची साक्ष काढता आली असती, पण साक्षीदार ते स्वतःच होते.

बाईंनी फोन काढला. बगलेत रेंज नव्हती. "काठावर गेल्यावर खात्याला कळवते, जागा ठरवू नका म्हणून. सूत्र पहिल्यापासून बसवायला लागेल. वर्ष जाईल." त्यांनी मामांसमोर हात केला. "वही द्या. आज बारा जागा करायच्या. थाळी तुम्ही सोडा, लिहिते मी."

एकोणीस वर्षांत होडीत वही पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात गेली. नावाड्याने होडी वळवली. दहा नंबरला मामा कडेवर ओणवे झाले, दोरी सोडली, थांबले.

"दोन दहा," ते म्हणाले.

बाईंनी मांडीवरचं जाकीट खाली ठेवलं. एका हाताने होडीची कड घट्ट पकडून त्या, पाण्याला भिणाऱ्या, कमरेतून बाहेर वाकल्या, थाळी कुठे दिसेनाशी होते ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं, दोरीवरची खूण वाचली, आणि मगच लिहिलं. दोरीवरून ओघळलेलं पाणी पानावर पडत होतं. ते पुसायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

अकरा नंबरलाही त्या तशाच वाकल्या. बाराला मामांनी आकडा सांगितलाच नाही. दोरी धरून ते बाजूला सरकले आणि बाईंना जागा करून दिली.