दाखल्यावरचा अंगठा

परवा बायकोच्या मृत्यूचा दाखला आणायला ग्रामपंचायतीत गेलो, तिथं ग्रामसेवकानं शाईचं पॅड उघडलं आणि तो जुना वास नाकात शिरला. पोरगी सातवी पास झाली तेव्हा तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला आम्ही दोघं गुरुजींकडं गेलो होतो. पुढची शाळा नेवाशाला, जायचा रस्ता उसातनं, भावकी म्हणायची पोरीला एवढ्या लांब कशाला धाडतो, आणि मीही ते ऐकलं. व्हरांड्यात खिचडी शिजत होती, पोरगी दप्तर छातीशी धरून दारात उभी होती. मी झटक्यात सही केली. गुरुजी बायकोला म्हणाले, "वहिनी, आता तुमची. पोरीनं शिकवलीय ना सही?" ती म्हणाली, "शिकवलीय गुरुजी. पण तिचीच शाळा तोडायला न्हाई शिकले मी. अंगठा घ्या." मी खेकसलो, "लई शानी झालीस! मुकाट सही कर." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. भाकरी थापताना तो निळा अंगठा दोन दिवस मला दिसत होता. त्याच्या आधी आणि नंतरही, बँकेत असो का रेशनला, तिनं सहीच केली; अंगठा तेवढा एकदाच. परवा ग्रामसेवक म्हणाला, "बाबा, दाखला मिळाल्याची सही करा इथं." मला सही येते. मी म्हणालो, "अंगठा घ्या."