चार किलोची रजई

रजई भरून घ्यायची तर उंद्रीच्या सोजराबाईकडूनच, हे अमडापूरपासून मेहकरपर्यंत कोणालाही विचारा. जुनी रजई समोर टाकली की बाई डोळे मिटून चारी कोपरे चाचपायची आणि सांगायची, "तीन किलो हाय. मधात अर्धा किलो रद्दी घातली. कोणं भरली वो? फसवलं तुमाले." उसवून पाहिलं तर तसंच निघायचं. चाळीस वर्षं हाच धंदा. नवऱ्याची एक एकर वांगी-मेथी होती, पण घर उभं राहिलं ते आपल्या सुईवर, असं ती चारचौघांत सांगायची, आणि महादेवराव शेजारी बसून मान डोलवायचे. भला माणूस. बायकोपुढे आवाज चढवल्याचं कोणाला आठवत नाही.

तिचा हिशेब सोपा होता. जितकं वजन, तितकी ऊब. त्यापुढे ती कोणाचं ऐकत नसे.

दोन वर्षांपासून महादेवरावांना दम्यानं धरलं होतं. चार पावलं चालले की धाप लागायची. थंडीत जपा, असं डॉक्टरनं बजावलं, तेव्हा सोजराबाईनं चांगल्यातली रुई पिंजून आणली आणि चार किलोची रजई भरली. अशी रजई तिनं आजवर कोणाला दिली नव्हती. महादेवराव तिच्याखाली निजायचे आणि हळूच म्हणायचे, "छातीवर ओझं होऊन राह्यलं वो."

"ओझं नाही ते, ऊब हाय," ती म्हणायची आणि रजई परत गळ्यापर्यंत ओढायची.

त्यांचा एकुलता एक ऋत्विक लडाखात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्यानं बापासाठी पार्सल पाठवलं. उघडलं तर तांब्याएवढी पिशवी, आणि पिशवीत कोंबलेलं निळं जॅकेट. पापडासारखं चपटं. त्यानं फोनवर सांगितलं होतं, "माय, बदकाच्या पोटाची बारीक पिसं असतात त्याच्यात. पयले झटक, दोन तास उन्हात टाक, फुलू दे. मंग पाय. इथं बर्फात आमी हेच घालतो."

आता हे तिला सांगायची गरज होती का? दाबून आलेली रुई ऊन दाखवल्याशिवाय जोखू नये, हे तर तीच गिऱ्हाइकांना शिकवायची. पण पिसं म्हटल्यावर बाईचं डोकंच फिरलं. तिनं जॅकेट तसंच्या तसं तळहातावर तोललं. पाव किलोच्या वर थोडंसं. दोन बोटांत दाबलं, तर बोटाला बोट लागलं. शिवणीतून एक पीस टोचून वर आलं होतं, ते तिनं उपटून महादेवरावांच्या नाकापुढं धरलं.

"पाहा! आपल्याकडं कोंबड्याची पिसं उकिरड्यावर जातात, अन् तुमच्या पोरानं पैसे देऊन आणली. हवा भरून देली त्याले दुकानदारानं."

"घालून तर पाहू दे," महादेवराव म्हणाले.

त्यांनी ते घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ओसरीवर चहा प्यायला बसले. चहा संपला तरी उठेनात. ती काढायला गेली, तर त्यांनी दोन्ही हात बगलेत घेतले.

"राहू दे ना थोडा वेळ. बरं वाटून राह्यलं."

"तुमाले काय कळते उबेतलं?" असं म्हणून तिनं चेन खाली ओढली. महादेवरावांनी मुकाट्यानं हात वर केले.

पुढच्याच आठवड्यात मेहकरची सुवर्णा आली. जुने कपडे घेते आणि बदल्यात भांडी देते, गावोगाव फिरते. सोजराबाईनं दोन जुन्या साड्यांवर ते जॅकेट ठेवलं आणि घासाघीस करून झाकणासकट स्टीलचा गंज, उभट पातेलं, घेतला. त्याच गंजात ती रोज नवऱ्यासाठी आल्याचा काढा उकळायची. आपण सौदा जिंकलो, या खुशीत होती बिचारी.

पौषात एका सकाळी ती काढा घेऊन गेली, तर रजई पायाशी लोटलेली होती आणि महादेवराव भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. हात लावला तर अंग थंडगार. रजई त्यांनी का लोटली असेल, हा विचार तिच्या मनात आला, आणि तिनं तो तिथंच दाबला.

ऋत्विक तिसऱ्या दिवशी पोचला. बापाचं तोंडही दिसलं नाही त्याला. तेराव्यापर्यंत पोरगा कोणाशी धड बोलला नाही. एकदाच विचारलं, "माय, बाबाचं जॅकेट कुठं हाय? मले घेऊन जाऊ दे. त्याइचा वास असंल त्याले."

"त्याइच्या अंगातच होतं," सोजराबाई म्हणाली. "सरणावर तसंच ठेवलं आमी."

पोराचा चेहरा किती दिवसांनी निवळला. "म्हंजे थंडी नाही वाजली त्याइले," तो म्हणाला. ती चुलीकडं वळली.

तो निघायच्या दिवशी सकाळी दारात आवाज आला, "भांडेऽऽ!" सोजराबाई दार लावायला उठली, पण सुवर्णा टोपली उतरवून ओसरीवर बसलीसुद्धा, आणि तिच्या लुगड्यावर ते निळं जॅकेट होतं. टम्म फुगलेलं. पोळीसारखं फुगलं होतं अगदी.

"बाई, हे म्या इकलंच नाही," ती हसत म्हणाली. "पहाटं फटफटीवर मागं बसून येतो, पण वारा म्हणून लागत नाही. अन् अंगावर काई हाय असं वाटतच नाही. बाबा कुठं गेले?"

ऋत्विक जॅकेटाकडं पाहत राहिला, मग चुलीजवळच्या नव्या गंजाकडं.

सोजराबाईनं हात पुढं केला. चाळीस वर्षं कापूस जोखलेला तो हात तिनं सुवर्णाच्या पाठीवर, जॅकेटावर ठेवला. दाबला, तर खालून वर उचलला गेला. थोड्या वेळानं तळवा गरम झाला, आणि तिला रडू कोसळलं.

"म्या देलं, बापू," ती म्हणाली. "या गंजापायी देलं. तुले खोटं सांगतलं."

ऋत्विकनं गंज उचलून पाहिला आणि परत ठेवला. मग त्यानं विचारलं, "बाबानं घालून तरी पाह्यलं होतं?"

"हाव. एक चहा होईपर्यंत."

"काय म्हणे?"

तिनं पदर तोंडात कोंबला, तरी शब्द बाहेर आले.

"राहू दे थोडा वेळ म्हणे. अन् म्या काढून घेतलं."