सह्या न घेतलेली रांगोळी

पेटंटच्या वकीलबाईंच्या फॉर्मवर साधा प्रश्न होता: हे उपकरण बाहेरच्या कुणी पाहिलंय का? मी बेधडक ‘नाही’ लिहिलं आणि त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये, सायकल चालवताना दोनदा सिग्नल तोडला.

उपकरण म्हणजे थरथरणारा हात स्थिर ठेवणारा मनगटी पट्टा. मी आणि माझा जर्मन सहकारी, दोघांनी पीएचडीची तीन वर्षं त्यात घातली होती. पेटंट मिळालं की तो त्यावर कंपनी काढणार होता. त्यासाठी त्याने चांगली नोकरी नाकारली होती. इथला नियम कडक. अर्जाआधी वस्तू लोकांसमोर आली की ती नवी राहत नाही, मग पेटंट विसरा. म्हणून दवाखान्यात चाचणी घेताना आम्ही प्रत्येक पेशंटची गुप्ततेच्या कागदावर सही घ्यायचो. साफसफाईच्या बाईंचीसुद्धा घेतली होती.

आणि मी काय केलं? प्रयोगशाळेतून थेट इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेले, पट्टा पिशवीतच. मैत्रिणीच्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. भाड्याच्या हॉलची फरशी खराब व्हायला नको म्हणून काळ्या कार्डपेपरवर रांगोळी चालली होती, आणि काकूंच्या चिमटीतून ती भलतीकडेच सांडत होती.

“राहू दे गं, आता नाही जमत,” त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. पट्टा बांधला. काकूंनी आधी सरळ रेघ ओढली, मग अख्खं कमळ काढलं. सगळे भोवती जमले. मी तर चेकाळलेच. झाकण उघडून आतलं वजन, स्प्रिंग, सगळं समजावून सांगितलं. आपल्याच माणसांकडे सही कोण मागतं? ते मनातसुद्धा आलं नाही.

शेवटी वकीलबाईंसमोर सगळं बोलून टाकलं. सहकारी शेजारीच बसला होता.

“ती चाचणी होती का?” त्यांनी विचारलं. “चाचणी असती तरी गुप्ततेचं बंधन हवं होतं म्हणा. कुणाला तसं सांगितलं होतं?”

“नाही.”

“आल्झो... बरं, किती जण होते?”

“चाळीसेक. पण मी मराठीत सांगितलं.” बोलता बोलता माझी मलाच लाज वाटली.

“भाषेने काही फरक पडत नाही.” पेटंट गेलं. दाखवून सहा महिने झाले नव्हते, म्हणून जर्मनीपुरतं, थोड्या वर्षांचं, दुय्यम संरक्षण तेवढं मिळेल म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी सहकाऱ्याची माफी मागत राहिले. तो सायकलचं कुलूप काढत होता.

“हात किती वेळ स्थिर राहिला?”

“पाऊण तास.”

दवाखान्यात पट्ट्याचा परिणाम पाच मिनिटांच्या वर कधी टिकला नव्हता. तो कुलूप हातात धरून तसाच उभा राहिला.

“पाऊण तास,” तो म्हणाला. “आणि तू मला बोलावलं नाहीस.”