अकरा नंबरचं झाकण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल.

कर्वेनगरातल्या आमच्या प्रयोगशाळेत कोकण किनाऱ्यावर मरून पडलेल्या समुद्री कासवांच्या पोटातलं प्लास्टिक यायचं. पुण्यात समुद्र नाही, पण त्यातला कचरा बरण्या भरभरून. धुवायचा, वाळवायचा, एकेक तुकडा बाटलीत घालायचा आणि यंत्रावर बघायचं — हे प्लास्टिक कुठल्या जातीचं? त्या यंत्रावर मी सहा वर्षं काढली होती. आलेख वाचण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग सायली आली. नुकतीच बीएस्सी झालेली. कसबा पेठेत वडिलांचं प्लास्टिकच्या पिशव्यांचं दुकान. पहिल्याच आठवड्यात तिनं दोन तुकडे कानाशी नेऊन चुरगाळले आणि म्हणाली, "ताई, हा कडक पिशवीचा. आणि हा मऊवाला, दुधाच्या पिशवीसारखा." या दोन जातींचे आलेख जवळजवळ सारखे दिसतात. फरक असतो एका बारक्याशा उंचवट्याचा. तो शोधायला मला अर्धा तास लागायचा. तिला एकदा चुरगाळलं की झालं.

आमचे प्रयोगशाळाप्रमुख सर हरखून गेले. चहाला तिच्याभोवती घोळका. "शेवटी दुकानदाराचीच मुलगी," असं मी हसत म्हणायचे — कौतुक वाटावं अशा बेतानं. कसलं कौतुक? जळत होते मी. घरी दुधाची पिशवी रिकामी झाली की कानाशी धरून चुरगाळायचे. काही कळायचं नाही. तिनं तर मला शेजारी बसवून शिकवलंही होतं, "नखानं नाही ताई, बोटाच्या पेरानं दाबा." त्यानं मी आणखीच जळले.

सरांनी परीक्षा ठरवली. वीस तुकडे — तिनं हातानं ओळखायचे, मी यंत्रानं. जुळलं तर आमच्या शोधलेखात ती पद्धत तिच्या नावानं जाणार, आणि तिची नोकरी पक्की. बाटल्यांचे नंबर मी झाकणांवर टाकायचे. "बाटलीवरच लिहूया ना, झाकणं इकडची तिकडे होतात," असं ती मागे एकदा म्हणाली होती. ही मला शिकवणार? मी झाकणांवरच लिहीत राहिले.

तिनं उत्तरं लिहून दिली आणि जेवायला गेली. मी आदल्या दिवशीच सगळे तुकडे यंत्रावर बघून ठेवले होते. ताडून पाहिलं. सगळी उत्तरं बरोबर. वीसच्या वीस!

मग मी — पाच आणि अकरा नंबरची झाकणं एकमेकांत बदलली, एक कडक, एक मऊ. मग सात आणि सोळाची. सांगायला जेवढा वेळ लागतोय, तेवढाही करायला लागला नव्हता.

दुपारी सरांसमोर यंत्र लावलं. तिची चार उत्तरं चुकली. "हातावर भरवसा नाही ठेवता येणार," सर म्हणाले. सायलीनं अकरा नंबरचा तुकडा घेतला, कानाशी नेऊन चुरगाळला. बराच वेळ ऐकत राहिली. मग झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी यंत्राकडे बघत होते.

"माझंच चुकलं असेल, सर," ती म्हणाली.

तिला कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही. महिनाअखेर ती गेली. आता वडिलांच्या दुकानात बसते. कसब्यात काही काम निघालं तर मी लांबच्या गल्लीनं जाते.

लेखात पहिलं नाव माझं आलं. आता माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. यंत्र बंद पडलं की मी तुकडा बोटांच्या पेरांत धरते आणि कानाशी नेते. हल्ली मला ऐकू येतं. कडक. मऊ. मुलं थक्क होतात. "मॅडम, हे कुठे शिकलात?" परवाही एकीनं विचारलं.

"अनुभवानं," मी म्हणाले.

आणि नंबर आता आम्ही बाटलीवर लिहितो, झाकणावर नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं. मॅडमचा नियम आहे, म्हणतात.