धाकट्या जावेची तिहेरी शर्यत

माझ्या धाकट्या जावेसारखी बाई ज्या घरात येते, त्या घरातल्या थोरल्या सुनेनं सुखाची आशा त्याच दिवशी सोडून द्यावी. मी सोडली नाही, म्हणून पुढची आठ वर्षं जळत काढली. तशी ती भांडखोर नव्हती, आळशी नव्हती, चहाडखोर तर मुळीच नव्हती. यातलं काही एक असती तरी मला तिच्याशी निभावता आलं असतं.

आमचं घर रिसोडजवळच्या एका गावात. बागाईत शेती, वांगी, भेंडी, मेथी, कोथिंबीर. मी सातवी पास. ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. गावातल्या कुणाच्या लेकाचं पत्र आलं की वाचायला मला बोलावणं यायचं, आणि मी पदर सावरून, घसा खाकरून, विरामचिन्हांसकट वाचायची. धाकटी पैनगंगेच्या काठच्या गावची, चौथीत शाळा सुटलेली. लग्नाला दोन महिने झाले असतील, आमची पितळी बादली विहिरीत पडली. एरवी बादली पडली की गळ शोधत गावभर फिरायचं, मग तासभर दोर हलवत बसायचं. धाकटीनं लुगड्याचा कासोटा घट्ट मारला आणि नव्या नवरीनं सरळ विहिरीत उडी घेतली. सासूबाई "पोरगी मेली वं माय!" म्हणून ओरडायला लागल्या, तोवर ती बादली घेऊन वर. बादलीसोबत मागच्या वर्षी हरवलेला आमचा तांब्याही आणला होता. त्या दिवसापासून गावातली बादली पडो, कळशी पडो, बोलावणं धाकटीला. पत्रं काही रोज येत नाहीत. बादल्या मात्र रोज पडतात, हे मला तेव्हा कळलं.

चालणं तिला ठाऊकच नव्हतं. मिठाला पाठवावं तर कढईतलं तेल तापायच्या आत परत. एकदा म्हशीच्या मागे धावत ती शेजारच्या शिवारापर्यंत गेली आणि म्हैस दमून खाली बसली, ही उभीच. दिरांनी बाजाराला भाजी न्यायला जुनी सायकल घेतली, तर हिनं ती भर दुपारी खळ्यावर शिकून घेतली. दोनदा पडली, दोन्ही वेळा माझ्या वांग्यांच्या वाफ्यात. आठवड्याभरात मागे भाजीची पाटी, पुढे दांड्यावर थोरलं पोरगं, अशी ती रिसोडच्या बाजाराला निघाली. नऊवारी लुगडं सायकलीसाठीच नेसतात असं वाटावं इतक्या ऐटीत. रस्त्यातले लोक थांबून बघायचे. मी म्हटलं, "लोक काय म्हनतीन वं?" तर म्हणते, "सायकलले काय समजते जाऊबाई, वर बाई बसली का बाप्या?"

पाच वर्षांत तिला तीन लेकरं झाली आणि ती थोडी जड होईल या माझ्या आशेवरही पाणी पडलं. तान्ह्याला पाजत ती भेंडी तोडायची. एक झोळीत, एक पाठीवर, एक पदराला धरून, आणि तोंडानं सासूबाईंशी गप्पा. माझी स्वतःची दोन पोरं, त्यांना मी उजळणी शिकवायची, पण शाळेतून आली की "काकू!" करत तिच्याकडे पळायची. यावर एखादीनं काय करावं? मी मेथी निवडत बसायची, आणि तीही धाकटी माझ्याहून भरभर निवडायची.

बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर आमच्या गावाबाहेर तलाव खोदला होता. गावातल्या सगळ्या बाया त्या कामावर होत्या, आम्ही दोघीही. पुढचे दोन पावसाळे चांगले झाले आणि तलाव काठोकाठ भरला. त्याच हिवाळ्यात हायस्कुलात नवीन आलेल्या खेळाच्या मास्तरांना कुठूनशी कल्पना सुचली. आधी तलाव पोहून पार करायचा आणि परत यायचं, मग सायकलीनं रिसोडच्या नाक्यापर्यंत जाऊन यायचं, मग तलावापासून शाळेच्या मैदानापर्यंत धावायचं. तिन्ही लागोपाठ. तिहेरी शर्यत. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली. बाजाराला जाताना धाकटीनं मला विचारलं, "काय लिवलं हाये?" आणि मीच, सातवी पास मूर्ख, मोठ्यानं वाचलं, "स्पर्धा सर्वांसाठी खुली आहे."

"खुली म्हंजे?"

"म्हंजे कोनीबी यावं."

"मंग मी हाये," ती म्हणाली आणि पाटी माझ्या हातात देऊन शाळेकडे गेली.

मास्तर बिचारे गोंधळले. म्हणाले, बाई, यात पोहायचं आहे, तुमची लहान लेकरं आहेत, बरं दिसत नाही. तेव्हा धाकटी जे बोलली ते मी पाटी सांभाळत, दारात उभी राहून स्वतःच्या कानांनी ऐकलं. "गुरुजी, त्या तलावाची माती म्या डोक्यावर वाह्यली. तवा पोटात लेकरू होतं. तवा कोनं म्हनलं नाई का बाईनं येऊ नये. आता पानी भरलं तं काहून नाई?" मास्तरांनी पेन उघडलं. माती मीसुद्धा वाहिली होती. पण हे वाक्य मला का सुचलं नाही, या विचारानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घरी माझी भिस्त सासूबाईंवर होती. त्या नाही म्हणणारच. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तान्हं कोन धरन?" दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी अंथरुणातून उठले नाही. कंबर धरली असं सांगितलं. मला काही झालेलं नव्हतं, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. लेकरू अंगावर पिणारं, आईपासून लांब घरी ठेवण्यासारखं नव्हतं; सासूबाईंना गुडघ्यांमुळे तलावापर्यंत चालवत नव्हतं, दीर सायकलीबरोबर थांबणार होते. मी गेले नाही तर आठ महिन्यांचं ते लेकरू धरायला कुणी नाही, आणि धाकटी घरी राहील, एवढा साधा माझा हिशेब होता. ती आली. मला वाटलं रागावेल, निदान रडेल. तिनं तेल कोमट केलं, मला पालथं केलं आणि कंबर चोळायला बसली. चांगला अर्धा तास चोळली. बाहेर पोरांचा गलका तलावाकडे जाऊ लागला. मी म्हटलं, "तुले उशीर होऊन राह्यला."

"राहू द्या. तुमाले असं टाकून कशी जाऊ?"

आवाजात जराही कुरकुर नव्हती. मी मान वळवून पाहिलं. हात माझ्या कमरेवर, डोळे दाराकडे. आणि मांडी घातलेल्या तिच्या पायांची बोटं जागच्या जागी हलत होती, बांधलेल्या वासराच्या पायांसारखी. मला ते पाहवलं नाही. मी उठून बसले. "थांबली दुखायची," म्हटलं.

"इतक्या लवकर?"

"तुया हाताले गुन हाये. चाल, लेकरू दे इकडं."

पाण्यात अकरा जण उतरले. दहा बाप्ये आणि ती. थंडीनं काठावर उभ्या माणसांचे दात वाजत होते. नदीकाठची पोरगी ती, अकरांत तिसरी बाहेर आली. लोक आधी हसत होते, ते आता पुढे सरकून बघू लागले. दीर सायकल धरून तयार, ती तिकडे धावली, आणि नेमकं तेव्हाच माझ्या कडेवरच्या लेकरानं आईला पाहून टाहो फोडला. मी थोपटलं, झुलवलं, बोट चोखायला दिलं. ते काही ऐकेना. धाकटी थांबली. एकदा सायकलीकडे पाहिलं, मग परत फिरली, ओल्या लुगड्यानिशी काठावर बसली आणि लेकराला पदराखाली घेतलं. मास्तर शिट्टी तोंडात धरून तसेच उभे. नियमांत याचा उल्लेख नव्हता. एकेक सायकल आमच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. चौथी, पाचवी, सहावी. खोटं कशाला सांगू, पाचव्या सायकलीपर्यंत मला आतून बरं वाटत होतं. सातवी गेली आणि माझंच काहीतरी बिघडलं. माझ्याच तोंडून ओरडणं निघालं, "पुरे झालं आता! आन ते इकडं! निंघ वं, बसली काय अशी!"

ती निघाली तेव्हा काठावर एकही सायकल उरली नव्हती.

परत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. वाटेत चेन पडली होती, तिनंच बसवली. दोघे जण नाक्यावरच चहाला बसून गेले होते, एकाला पोटात कळ आली होती. उरलेले पुढे. ती धावायला लागली तशी तिची दोन आणि माझी दोन अशी चारही पोरं मागे धावू लागली. मी लेकराला कडेवर घेतलं आणि हरभऱ्याच्या वावरातून आडवाटेनं शाळेकडे निघाले. लग्नानंतर मी कधी धावले नव्हते. चप्पल एका धुऱ्यावर, बांधाच्या मातीत, राहिली ती राहिलीच.

मी पोचले तेव्हा पहिल्या तिघांच्या गळ्यात हार पडले होते आणि लोक पांगायला लागले होते. "थांबा!" मी म्हटलं, "अजून आमची यायची हाये!" आमची. मलाच नवल वाटलं. धाकटी आली ती आठवी. म्हणजे ज्यांनी शर्यत पुरी केली त्यांत शेवटची. पाय फाकत होते, केस सुटले होते, तोंड लालबुंद. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. तिनं रेघ ओलांडली, माझ्यासमोर येऊन थांबली, श्वास काही जागेवर येईना. म्हणाली काय, तर "जाऊबाई, लेकराचं फडकं बदललं का?"

बक्षीस तिला काही मिळालं नाही. घरी येताना बाया विचारत होत्या, कसं वं जमलं? ती प्रत्येकीला एकच सांगत होती, "जाऊबाईनं लेकरू धरलं म्हून." मी मान खाली घालून अनवाणी चालत होते. लोकांना वाटलं, किती साधी बाई.

दोन वर्षांनी भावांच्या वाटण्या झाल्या. भांडण नव्हतं, घर लहान पडत होतं. दिरांच्या वाट्याला इंझोरीकडची जमीन आली. निघायच्या दिवशी सकाळी बैलगाडीत भांडी, अंथरुणं आणि तीन लेकरं बसली. धाकटी गाडीत बसली नाही. ती सायकलीवर पुढे. वेशीपर्यंत गेली आणि वळून परत आली. मी अंगणात सूप घेऊन उभी होते.

"काही राह्यलं का वं?"

"नाई. तुमी रडून राह्यल्या का, ते पाह्याले आली."

"म्या कायले रडू? तांदूय पाखडून राह्यली, कोंडा गेला डोयात."

तिनं सुपात वाकून पाहिलं. सूप रिकामं होतं. तिनं आपल्या पदरानं माझे डोळे पुसले, जरा जोरातच, जसं ती पोरांचं नाक पुसायची तसं. मग टांग टाकून निघाली. गाडी केव्हाच पुढे गेली होती, तिला गाठायचं होतं. मी दारात उभी राहून पाहत राहिले. वेशीच्या वळणापर्यंत तिनं गाडी गाठली, बैलांना मागे टाकलं, आणि तरीही जोर कमी केला नाही.