नवरदेवाची गाडी

हसणार नसाल तर सांगतो. हे बघा, आत्ताच हसताय! बरं, हसा. माझ्या भाच्याच्या लग्नात मी जो पराक्रम केला, त्यावर अख्खा मालवण तालुका हसून मोकळा झालाय. तुम्ही कशाला मागे राहता?

मी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. जुनी म्हणजे कसली! लांबलचक, काळीभोर, आत चामड्याच्या सीटा. पेट्रोलवर चालते आणि बॅटरीवरही. हायब्रीड! ठाण्यात चार दिवस मिरवली आणि बहिणीला फोन केला, "संकेतला नवरदेव म्हणून माझ्याच गाडीतून न्यायचं."

खरं तर फोंडाघाट उतरतानाच मनात पाल चुकचुकली होती. उतारावर इंजिन एकदम गप्प! मी देवाचं नाव घेतलं, तर पुन्हा सुरू. पुढच्या वळणावर पुन्हा गप्प. खाली बाजारात थांबून विकणाऱ्याला फोन लावला.

"इंजिन मधेच बंद पडतंय हो!"

"साहेब, हायब्रीड आहे ती."

"हायब्रीड आहे म्हणून काय बंद पडायचं?"

तो म्हणाला, गाडीत माहितीपुस्तक आहे, वाचा. आता सांगा, गाडी काय वाचून चालवतात? आमच्या भाईंनी, म्हणजे वडिलांनी, तीस वर्षं मालवण-कुडाळ टॅक्सी चालवली. कधी कागद वाचला नाही!

लग्नाच्या दिवशी मागे फेटा बांधलेला संकेत आणि त्याच्या शेजारी माझी ऐंशी वर्षांची आते. मुहूर्ताला पाऊण तास. चौके गावाच्या अलीकडे रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला आणि झालं! इंजिन गप्प. एकदम स्मशानशांतता.

"मेली!" मी ओरडलो.

"कोण? म्हैस?" आतेनं विचारलं.

"गाडी गो, गाडी!"

"गाडी मेली तर ह्यो थंड वारो खंयसून येता?"

ऐंशी वर्षांच्या बाईला इंजिनातलं काय कळतं, असं मनात म्हणत मी बटण दाबलं. समोरचा स्क्रीन काळा झाला. वारा थांबला.

"आता बंद केलंस मरे!" आते म्हणाली.

मी पुन्हा बटण दाबलं. दिवे लागले, पण गाडी ढिम्म. चारदा दाबलं. संकेतच्या कपाळावरचा घाम मुंडावळ्यांत उतरायला लागला. "मामा, मुहूर्त..." एवढंच बोलला बिचारा.

तेवढ्यात मागून वऱ्हाडाचा टेम्पो आला. गावची मंडळी उतरली. सगळे साठीच्या पुढचे.

"काय झाला रे?"

"इंजिन गेलं."

त्यांचे चेहरे असे फुलले म्हणून सांगू! भाईंची टॅक्सी रोज सकाळी धक्का मारल्याशिवाय सुटायची नाही. ही सगळी तेव्हाची शाळकरी पोरं. दप्तरं टपावर टाकायची, गाडी ढकलायची आणि त्या बदल्यात भाई त्यांना शाळेपर्यंत सोडायचे. मी, भाईंचा झील म्हणजे मुलगा, पुढे त्यांच्या मांडीशी बसून ऐटीत हॉर्न वाजवायचो.

"तुझ्या बापाशीची गाडी ढकलून ढकलून आमी मोठे झालंव," एकजण धोतर खोचत म्हणाला. "हात लावा रे!"

कशीबशी गाडी न्यूट्रलवर टाकली. आणि काय सांगू, पुढे टेम्पोतून उतरलेला बेंजो बँड, मागे "हय्या हो!", मध्ये महाराणीसारखी बसलेली आते! हॉलपर्यंत वरात अशी गेली. मुहूर्त गाठला. माझे डोळे मात्र भरून आले होते. भाई असते तर, असं सारखं वाटत होतं.

जेवणं झाल्यावर बस्त्यावला हात धरून गाडीपाशी आणलं. बस्त्याव म्हणजे भाईंच्या टॅक्सीचा मेकॅनिक. आता थकलाय, पण सूट घालून लग्नाला आला होता. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. सीटवर बसला, ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबलं, गिअर टाकून पाय उचलला. आवाज नाही की काही नाही, आणि गाडी सुळकन हातभर पुढे!

"इंजिन बंद पडूक नाय रे," तो म्हणाला. "थांबल्यार ता आपसून गप रवता. मगे गाडी बॅटरीर चलता. माझ्या झिलाची गोव्यात अशीच आसा. तू ब्रेकार पाय न ठेवता बटण दाबीत रवलंस."

"म्हणजे... बिघाड काहीच नव्हता?"

"होतो तर. ष्टेरिंगार बसललो!"

मी गयावया केली, "बस्त्याव, कोणाला सांगू नको."

नवरा-नवरी गाडीत येऊन बसली. मी ब्रेक दाबला, बटण दाबलं. गाडी सुरू, तीही आवाज न करता! आरशात पाहिलं, तर मागे सगळे म्हातारे पुन्हा डिकीला हात लावून, बाह्या सरसावून उभे. एकाच्या डोळ्यात तर पाणी.

"भाईंच्या झिला, सोड ब्रेक!"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?

मी चांगली चालू गाडी गुपचूप न्यूट्रलवर टाकली आणि हॉर्न वाजवला.