मागच्या पट्टीतली हरळी

"ऊठ वं बाई, काहून निजली? मॅनेजर पाहून राहिला," मी ओरडले. शेवंता लॉनवर एका कुशीवर पडली होती, खुरपी हातात तशीच. मला वाटलं, कंटाळून आडवी झाली. मी दोनदा ओरडले आणि माझ्यापुढचं गवत निंदत राहिले. तिसऱ्यांदा वळून पाहिलं तर तिच्या ओठांवर माती होती आणि ती थुंकत नव्हती. तेव्हा मी उठले. ऊन लागू नये म्हणून कमरेला खोचलेला कांदा निसटून बाजूला पडला होता. टेम्पोत घालून रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेईपर्यंत... संपलं होतं. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले.

शेवंता माझी थोरली जाऊ. दोघींचे नवरे गेल्यावर आम्ही एकाच खोलीत राहत होतो. तिच्या मागं केलेल्या पुण्यानुमोदनाला आलेल्या प्रत्येकानं मला सांगितलं, उन्हापुढं कोणाचं चालतं? मी मान हलवली. तिथं बोलले नाही ते इथं लिहिते.

शहराबाहेरच्या एका लग्नाच्या लॉनवर आम्ही कित्येक वर्षं निंदायला जात होतो. आधी तिथं साधी हरळी होती. मग मालकांनी कुठून तरी गालिच्यासारखं मऊ गवत आणून अंथरलं आणि त्यात उगवेल ती हरळी उपटायचं काम आम्हाला दिलं. शेवंता तोंडावर बोलणारी. "साहेब, हे गवत आपल्या मे महिन्याचं नाही. हरळी वाळते, पण खालून पुन्हा फुटते," असं तिनं त्यांना सांगून पाहिलं. मालक हसले. "शेवंताबाई, हरळी पाहून कोणी लॉन बुक करत नाही." तिनं ऐकलं नाही. स्वयंपाकाच्या मंडपामागं एक पट्टी होती, तिकडं पाहुणे फिरकत नसत. तिथली हरळी तिनं कधी उपटली नाही. "काढ वं, काम जाईन आपलं," मी म्हणायची. "राहू दे. तिकडं कोण मरायले येते?" ती म्हणायची.

त्या पट्टीला ती रोज शिंतोडे मारायची नाही. तीन-चार दिवसांनी, ऊन चढायच्या आत, पोटभर पाणी द्यायची. मग खुरपी मुठीपर्यंत मातीत खुपसायची, बाहेर काढायची आणि पात्याला ओली माती कुठवर चिकटली ते बघायची. अर्ध्यापर्यंतच ओली असली की पुन्हा पाइप सोडायची. वरवर भिजवलं की मुळं वरच राहतात आणि भाजतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. उन्हाळ्यात गवत चार बोटं उंच ठेवायचं, म्हणजे त्याची सावली त्याच्याच मुळांवर पडते. कापायच्या मशीनवरचा माणूस पार जमिनीलगत कापायचा. तो टकला होता. त्याला म्हणाली, "तुले त समजाले पाहिजे गा. तुह्या टाळूले ऊन लागते का नाही?" तो चिडला, पण मशीन वर केली... मागच्या पट्टीपुरती.

या मे महिन्यात लॉनवर लग्न दोन दिवसांवर आलं आणि पुढचं गवत जागोजाग जळालं. मध्येमध्ये हरळी तेवढी हिरवी. मॅनेजर म्हणाला, पिवळ्यात हिरवे ठिपके फोटोत वाईट दिसतात, आजच्या आज काढा, नाहीतर दुसऱ्या बाया आणतो. एरवी आम्ही दहाला सावलीत जायचो. त्या दिवशी साडेअकरा झाले. शेवंता म्हणाली, "चाल वं सुमन, डोकं भणभणून राहिलं."

मी म्हणाले, "एवढा तुकडा होऊ दे. काम गेलं त खाशील काय?"

तिनं दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतला आणि पुन्हा उकिडवी बसली. मालकाचं न ऐकणाऱ्या बाईनं त्या दिवशी माझं ऐकलं.

लग्न झालं. जळक्या गवतावर हिरवी मॅट अंथरली होती. निंदलं काय अन् नाही निंदलं काय, कोणाला दिसणार नव्हतं.

पावसात पुढचं महागडं गवत काही परत आलं नाही. मॅनेजर फिरत फिरत मागच्या पट्टीपाशी गेला आणि मला हाक मारली. "बाई, हे कोणतं गवत आहे?"

"हरळी."

"चांगलं आहे की. पुढं सगळीकडे हेच लावा."

  आता रोज सकाळी मागच्या पट्टीतून हरळीचे ठोंब काढते आणि पुढं वीत-वीत अंतरावर लावते. माझ्या खुरपीचं पातं झिजलं, म्हणून तिचीच घेते. मुठीला तिनं जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आहे. तिचा हात मोठा होता, माझ्या हातात ती मूठ फिरते. पाणी दिलं की खुरपी मुठीपर्यंत खुपसते, बाहेर काढते, माती बघते. दहा वाजले की उठते. त्या दुपारी लॉनवर आम्ही दोघी होतो. त्यातली मी जगले.